ओसाड सीमादुर्गाचा गुप्त इतिहास : अद्भुतकथेतील एका कल्पनाबंधाचा अभ्यास

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास
- 'ओसाड सीमादुर्ग' या कल्पनाबंधाचे स्वरूप सांगता येईल;
- अद्भुतकथेत अशा दुर्गाचा गुप्त इतिहास कोणत्या भाषिक खुणांतून उलगडतो, हे स्पष्ट करता येईल;
- मराठी कादंबरीने हा कल्पनाबंध कोणत्या वळणाने स्वीकारला, याची चर्चा करता येईल;
- आपल्या परिसरातील किल्ल्याविषयीची आख्यायिका आणि इतिहास यांत भेद करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, अद्भुतकथा वाचताना एक स्थळ आपणास वारंवार भेटते. राज्याच्या टोकाला, घाटाच्या तोंडाशी किंवा अरण्याच्या काठावर एक पडका किल्ला असतो. त्यात कोणी राहत नाही. तो कोणी बांधला, याविषयी गावकऱ्यांत एकवाक्यता नसते. कथेचा नायक तेथे एका रात्रीच्या आसऱ्यासाठी शिरतो आणि सकाळपर्यंत त्याला राज्याचा असा इतिहास कळतो, जो दरबारात कोणी सांगितलेला नसतो.

लोककथांच्या अभ्यासात कथेतील अशा पुन्हापुन्हा येणाऱ्या घटकास 'कल्पनाबंध' म्हणतात. हा कल्पनाबंध केवळ भय किंवा गूढता निर्माण करण्यासाठी येतो, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. ओसाड सीमादुर्गाचा गुप्त इतिहास हा मूलतः विसरलेल्या प्रश्नांचा इतिहास असतो. हा किल्ला कोणाविरुद्ध बांधला? तो का सोडला? आणि त्यात राहणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले? या तीन प्रश्नांच्या आधारे आपण आधी प्रत्यक्षातील एक किल्ला, नंतर कथांतील किल्ले आणि शेवटी मराठी कादंबरीतील एक कल्पित गड पाहू.

२. सीमा सरकते, किल्ला राहतो

पनवेलहून गोव्याच्या दिशेने एसटीने निघाले, की डाव्या-उजव्या वळणांमधून एक उभा सुळका आपल्याबरोबर चालत असल्यासारखा दिसतो. तो कर्नाळा. आज बहुतेकांना तो पक्षी अभयारण्यामुळे ठाऊक आहे. सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि कोठारे आहेत, तटाचे व दरवाजांचे अवशेष आहेत. किल्ला विस्ताराने लहान आहे. परंतु घाटावरून बोरघाटाने उतरून पनवेल बंदराकडे येणाऱ्या वाटेवर नजर ठेवण्यासाठी ही जागा मोक्याची होती.

या किल्ल्याचे धनी पाहा. १५४० च्या सुमारास गुजरातचे सुलतान, अहमदनगरची निजामशाही आणि वसईचे पोर्तुगीज या तिघांच्या ओढाताणीत तो हातोहात फिरला. पुढे तो शिवाजी महाराजांकडे आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना जे २३ किल्ले द्यावे लागले, त्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला. महाराजांच्या पश्चात तो पुन्हा मोगलांकडे गेला, अठराव्या शतकात पेशव्यांकडे आला आणि १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने तो इंग्रजांसाठी जिंकला.

या घटनाक्रमातून एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची आहे. किल्ला जागचा हलला नाही. सीमा हलत राहिली. एका राजवटीत जो तट पश्चिमेकडील शत्रूसाठी होता, तोच दुसऱ्या राजवटीत पूर्वेकडील शत्रूसाठी उपयोगी पडला. सीमादुर्गाला 'आतली' आणि 'बाहेरची' अशा दोन बाजू असतात. पण कोणती बाजू आतली, हे दगड ठरवत नाहीत, राज्य ठरवते. राज्य बदलले की किल्ल्याचे तोंड फिरते. आणि सीमाच नाहीशी झाली की किल्ला निरर्थक होऊन ओस पडतो.

भाषेत याची एक सुंदर साक्ष आहे. पनवेलकडून मुंबईला जाणारा रस्ता 'शीव-पनवेल महामार्ग' म्हणून ओळखला जातो. 'शीव' हा शब्द संस्कृत 'सीमा' या शब्दापासून आला आहे. गावाची शीव म्हणजे गावाची हद्द. सतराव्या शतकात इंग्रजांच्या ताब्यातील मुंबई आणि पोर्तुगिजांच्या ताब्यातील साष्टी यांची हद्द येथे होती आणि त्या हद्दीवर इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला. १७३९ पर्यंत साष्टी मराठ्यांनी जिंकली, १७७४ मध्ये ती इंग्रजांनी घेतली आणि ती हद्द उरली नाही. आज रोज लाखो माणसे शीव स्थानकावरून ये-जा करतात. सीमा गेली, किल्ला पडला. शब्द मात्र राहिला. अद्भुतकथेचा लेखक ज्या द्रव्यातून गुप्त इतिहास घडवतो, ते द्रव्य हेच आहे.

३. अद्भुतकथेतील तीन उदाहरणे

*अ) कोणाविरुद्ध?* जे. आर. आर. टोल्किन हे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजी भाषेचे प्राध्यापक होते. त्यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीत मॉर्डोर या दुष्ट राज्याच्या सीमेवर किरिथ उंगोल नावाचा बुरूज आहे. तो शत्रूचा आहे, असेच वाचक धरून चालतो. परंतु आपल्या धन्याला सोडवण्यासाठी तेथे पोहोचलेल्या सॅमला बांधणी पाहून उमगते, की हा बुरूज शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी नाही, तर आत कोंडून ठेवण्यासाठी उभारलेला आहे. तो बांधला होता गाँडोरच्या लोकांनी, म्हणजे सज्जनांच्या पक्षाने, मॉर्डोरवर पहारा ठेवण्यासाठी. पुढे पहारा ढिला पडला, बुरूज सुटला आणि शत्रूने तो आयता वापरला. येथे गुप्त इतिहास कोणी सांगत नाही. तो तटाच्या दिशेत दडलेला आहे. राखणाऱ्यांनी राखणे सोडले, हा आरोपही त्यातच आहे.

*आ) का सोडला?* जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेत (पहिला खंड १९९६) उत्तर सीमेवर बर्फाची प्रचंड भिंत आणि तिच्यालगत १९ किल्ले आहेत. कथेच्या काळात त्यांपैकी तीनच नांदते आहेत. सर्वांत जुना 'नाइटफोर्ट' हा पहारेकऱ्यांची संख्या घटल्यामुळे दोनशे वर्षांपूर्वी सोडून दिलेला आहे. त्याच्याविषयी भयकथा अनेक आहेत. एका जुन्या सेनापतीने तेथे दुष्कृत्ये केली, म्हणून त्याच्या नोंदी नष्ट करून त्याचे नाव घेण्यासही बंदी घातली गेली, असे सांगितले जाते. नोंद पुसली, पण गोष्ट उरली. त्याहून महत्त्वाचे असे, की भिंत मुळात कोणत्या संकटासाठी बांधली होती, याचाच पहारेकऱ्यांना विसर पडला आहे. ते पलीकडच्या टोळ्यांनाच शत्रू समजत आहेत. किल्ल्याच्या विहिरीत एक गुप्त दार आहे. ते पहारेकऱ्याने आपल्या शपथेचे शब्द उच्चारल्यावरच उघडते. म्हणजे किल्ली धातूची नाही, भाषेची आहे.

*इ) आत काय राहिले?* आपल्या शेजारच्या हिंदीत देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' (१८८८) ही कादंबरी अतिशय लोकप्रिय झाली. खत्रींनी चकिया आणि नौगढ येथील जंगलांचे ठेके घेतले होते आणि त्या निमित्ताने तेथील पडक्या किल्ल्यांत व अवशेषांत त्यांची भटकंती झाली. नौगढ, विजयगढ, चुनारगढ ही त्यांच्या कथेतील स्थळे प्रत्यक्षातली आहेत. त्यांत त्यांनी 'तिलिस्म' रचला. तिलिस्म म्हणजे जादूने किंवा यंत्रयुक्तीने बंद केलेली जागा, जी ठरावीक व्यक्तीलाच उघडता येते. हा शब्द मूळ ग्रीक 'तेलेस्मा', तेथून अरबी, फारसी आणि उर्दू-हिंदी असा प्रवास करून आला आहे. येथे ओसाड किल्ल्याच्या पोटात खजिना राहतो आणि तो योग्य वारसाची वाट पाहतो.

तिन्ही उदाहरणांची तुलना केल्यास एक सूत्र हाती लागते. ओसाड दुर्ग हा राज्याच्या स्मृतीतील खंड आहे. कथेतील संकट त्या खंडातून येते आणि संकटावरचा उपायही तेथेच सापडतो.

४. नावांचे थर

गुप्त इतिहास सुचवण्याचे लेखकाचे सर्वांत काटकसरीचे साधन म्हणजे नाव. टोल्किन यांच्या कथेत 'मिनास इथिल', म्हणजे चंद्राचा बुरूज, हे नगर शत्रूच्या हाती पडल्यावर त्याचे नाव 'मिनास मॉर्गुल', म्हणजे काळ्या जादूचा बुरूज, असे होते. दोन नावे शेजारी ठेवली की मधले युद्ध वाचकाला न सांगता कळते.

मराठी वाचकास हे नवे नाही. कोंढाणा आणि सिंहगड, रायरी आणि रायगड, तोरणा आणि प्रचंडगड या जोड्या आपण शाळेपासून जाणतो. पनवेलच्या पूर्वेस दिसणाऱ्या प्रबळगडाचे जुने नाव मुरंजन होते. नामांतर हे विजयाचे निवेदन असते. मात्र जुने नाव सहसा मरत नाही. ते कागदांत, वाडीच्या नावात किंवा वृद्धांच्या बोलण्यात टिकते. अद्भुतकथेत एखादी म्हातारी किल्ल्याला 'चुकीच्या' नावाने संबोधते, तेव्हा जाणकार वाचक सावध होतो. ती चुकलेली नसते. ती आधीच्या थरातून बोलत असते.

शिलालेखाचेही असेच आहे. कर्नाळ्यावर मराठी आणि फारसी असे दोन लेख नोंदवले गेले आहेत. फारसी लेखात सय्यद नुरुद्दीन महंमद खान हे नाव आणि हिजरी ११४६ हे वर्ष आहे. म्हणजे इसवी सन १७३३-३४. मराठी लेखावर काळ दिलेला नाही. एकाच किल्ल्याच्या दोन दरवाजांवर दोन भाषा असणे, हीच सरहद्दीची ओळख होय.

५. मराठी कादंबरीचे वळण : 'मोचनगड'

आता मराठीकडे येऊ. आरंभीच्या मराठी कादंबरीत अद्भुताचे प्राबल्य होते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) ही ठळक उदाहरणे. सद्गुणी नायक-नायिका, कारस्थाने, वियोग, चमत्कारिक योगायोग आणि शेवटी मीलन, असा त्यांचा साचा आहे. त्यांतील राज्ये नकाशावर सापडत नाहीत.

या पार्श्वभूमीवर रामचंद्र भिकाजी गुंजीकर (१८४३-१९०१) यांची 'मोचनगड' (१८७१) पाहावी. गुंजीकर बेळगाव जिल्ह्यातील जांबोटीचे, व्याकरणाचे अभ्यासक आणि 'विविधज्ञानविस्तार' या मासिकाचे संपादक. 'मोचनगड' ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. तिचे वैशिष्ट्य असे, की काळ शिवाजी महाराजांचा आहे, परंतु गड कल्पित आहे. 'मोचन' म्हणजे सोडवणूक. नावातच कथेचा रोख आहे.

गुंजीकरांना खरा किल्ला का घेता आला नाही, असा प्रश्न आपल्या मनात येईल. सह्याद्रीत किल्ल्यांची वाण नव्हती. माझ्या मते याचे उत्तर असे, की खऱ्या किल्ल्याचा इतिहास ठरलेला असतो. त्यात सामान्य माणसांच्या सुखदुःखाला जागा करून देणे अवघड असते. कल्पित गडावर मात्र शिवकालाचे वातावरण राहते आणि माणसे लेखकाच्या मर्जीने वावरू शकतात. अद्भुत कादंबरीचे स्वातंत्र्य आणि इतिहासाची जमीन यांचा हा मेळ आहे.

येथेच मराठी परंपरा पाश्चात्त्य अद्भुतकथेपासून वेगळी होते. तेथील लेखक किल्ला ओसाड करतो आणि त्याचा भूतकाळ कल्पनेने रचतो. मराठी लेखकासमोर १८१८ नंतर किल्ले ओसच पडलेले होते. अनेकांच्या वाटा आणि दरवाजे इंग्रजांनी सुरुंग लावून मोडले होते. त्यामुळे त्याची ओढ उलट दिशेची होती : ओसाड गड पुन्हा माणसांनी भरावा. पुढे हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' (१९०३) या कादंबरीत तर प्रत्यक्षातील किल्ला आणि प्रत्यक्षातील पुरुष हेच केंद्रस्थानी आले. अद्भुताची जागा अभिमानाने घेतली. यात मराठी कादंबरीने पुष्कळ मिळवले. मात्र 'या किल्ल्याविषयी आपणास काय ठाऊक नाही?' हा अद्भुतकथेचा मूळ प्रश्न मागे पडला.

६. खजिना की माणसे?

तो प्रश्न आपण आता स्वतः विचारू. पडक्या गडाविषयी आपल्याकडे सर्वाधिक सांगितली जाणारी गोष्ट पुरलेल्या धनाची आणि भुयाराची असते. भुयाराच्या कल्पनेमागे काही वास्तव निश्चित आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, गडाला एकच दरवाजा असणे हा दोष मानून, अन्य दरवाजे व चोरदिंड्या ठेवण्याची सूचना आहे. म्हणजे कथेत जे गूढ वाटते, ते मुळात कारभाराचे कलम होते. हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस यांनी कामे वाटून घ्यावीत, कोणा एकाच्या हाती सर्व सत्ता राहू नये, ही व्यवस्थाही याच शिस्तीतली. पायथ्याच्या घेऱ्यात मेटांवर पहारे असत.

किल्ला ओस पडला तेव्हा ही सगळी माणसे कोठे गेली? खरा गुप्त इतिहास येथे आहे. त्यांची एक खूण आपल्या हजेरीपटावर सापडेल. सबनीस, कारखानीस, हवालदार, किल्लेदार, गडकरी, मेटकरी ही आडनावे म्हणजे मोडलेल्या कारभाराचे चालतेबोलते अवशेष आहेत. हुद्दा गेला, नाव उरले.

सर्वांनाच नावावर समाधान मानता आले नाही. किल्ल्यांच्या राखणीवर जगणाऱ्यांत रामोशी समाज होता. उमाजी नाईक यांचे घराणे पुरंदरच्या राखणीशी जोडलेले होते. इंग्रजांविरुद्ध केलेल्या बंडाबद्दल उमाजींना १८३२ मध्ये पुण्यात फाशी देण्यात आली. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांच्या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे सोपवण्यात येऊ लागला, तेव्हा सामानगड आणि भुदरगड येथे गडकऱ्यांनी उठाव केला.

आणि पुन्हा कर्नाळा. १८१८ मध्ये येथील किल्लेदार होते अनंतराव फडके. त्यांचे नातू वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोण येथे झाला. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करणाऱ्या या गृहस्थाने १८७९ मध्ये रामोशी आणि इतर समाजांतील माणसे जमवून सशस्त्र उठाव केला. त्याच वर्षी ते पकडले गेले, एडनला पाठवले गेले आणि १८८३ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. आजोबांचा किल्ला गेला म्हणून नातवाने बंड केले, असे सरळ समीकरण मांडणे घाईचे होईल. १८७६-७७ च्या दुष्काळाने गांजलेली रयत त्यांनी पाहिली होती. तरीही ज्या मुलाच्या घरात किल्लेदारी ही आठवण होती आणि ज्याच्या गावाजवळ तो सुळका उभा होता, त्याच्यासाठी कर्नाळा हा निव्वळ डोंगर नव्हता, एवढे म्हणता येईल. हा किल्ला ओस पडला होता. मुका झाला नव्हता.

७. आख्यायिका वाचताना

प्रबळगडालगतच्या कलावंतीण सुळक्याविषयी कोणा कलावंतिणीची किंवा राणीची कथा सांगितली जाते. तिला ऐतिहासिक आधार सापडलेला नाही. म्हणून ती टाकाऊ ठरते काय? नाही. इतिहास म्हणून ती स्वीकारता येत नाही. परंतु रिकाम्या जागेत लोकांना कोणती माणसे असावीशी वाटतात, याचा पुरावा म्हणून ती मोलाची आहे. आख्यायिकेला 'हे घडले काय?' हा एकच प्रश्न विचारू नये. 'हे कोण सांगते, कोणाविषयी सांगते आणि कोणाला वगळते?' हेही विचारावे. राणी आणि खजिना कथेत येतात; पाणक्या, मेटावरचा पहारेकरी, भाकऱ्या थापणारी बाई येत नाहीत. चांगली अद्भुतकथा ही उणीव हेरते आणि गुप्त इतिहास त्यांच्या तोंडून बोलवते.

सारांश

ओसाड सीमादुर्ग हा सरकलेल्या सीमेचा अवशेष असतो. अद्भुतकथा त्याच्या आधारे राज्याने विसरलेली गोष्ट उघड करते. बांधणीची दिशा, बदललेली नावे, शिलालेख, शपथेचे शब्द ही तिची साधने होत. मराठी कादंबरीने 'मोचनगडा'पासून हा कल्पनाबंध इतिहासाच्या भूमीवर आणला आणि ओसाड गड माणसांनी भरला. मात्र किल्ले मोडल्यावर उपजीविका गमावलेल्या माणसांचा इतिहास अजून पुरेसा कथारूप झालेला नाही. तो आडनावांत, ग्रामनामांत आणि आख्यायिकांच्या रिकाम्या जागांत शोधावा लागतो.

स्वयंअध्ययन प्रश्न

१. 'किल्ला जागचा हलला नाही. सीमा हलत राहिली' हे विधान कर्नाळ्याच्या आधारे स्पष्ट करा.
२. किरिथ उंगोल आणि नाइटफोर्ट या दोन कल्पित दुर्गांच्या गुप्त इतिहासातील साम्य व भेद लिहा.
३. गुंजीकरांनी कल्पित गड का निवडला असावा? प्रस्तुत घटकातील मत आपणास पटते काय? कारणे द्या.

क्षेत्रीय कार्य

आपल्या गावाजवळील एखादा किल्ला, गढी किंवा पडकी वेस निवडा. परिसरातील तीन वयस्क व्यक्तींना तिची नावे आणि तिच्याविषयीच्या गोष्टी विचारा. त्या त्यांच्याच शब्दांत, बोलीतील उच्चारांसह उतरवून घ्या. शब्द 'शुद्ध' करू नका. तिन्ही कथनांत जेथे फरक पडतो, त्या जागा अधोरेखित करा आणि त्या फरकांविषयी दोन पाने लिहा. नोकरी-संसार सांभाळून हे काम एका सुटीच्या दिवशी होण्यासारखे आहे. ऐकताना घाई मात्र करू नये. सांगणारी माणसे थांबून थांबून सांगतात, आणि पुष्कळदा महत्त्वाचे ते आपण उठायला लागल्यावर सांगतात.